ॲम्बेसेडरच्या इंजिनातील ऑइल गॅलरीची बुचे कशी बदलावीत

ॲम्बेसेडरचे इंजिन नव्याने बांधायला घेतले की मालकाचे आणि मेकॅनिकचे सगळे लक्ष बोअर, पिस्टन, रिंगा आणि बेअरिंग यांच्याकडे असते, आणि खर्चही तिथेच होतो. ब्लॉकमधून तेल ज्या आडव्या-उभ्या वाटांनी फिरते, त्या ऑइल गॅलरीच्या वाट्याला फार तर कम्प्रेसरची हवा येते. ही हवा एका भोकातून शिरते आणि सर्वांत जवळच्या मोकळ्या भोकातून निघून जाते. गॅलरीच्या बंद टोकाशी, बुचामागे साठलेल्या गाळाला ती हलवतही नाही. तीस-चाळीस वर्षे चाललेल्या ब्लॉकची गॅलरी साफ करायची तर तिची सगळी बुचे काढावी लागतात आणि काढलेल्या बुचांच्या जागी नवी बसवावी लागतात. काम अवघड नाही, मात्र त्यात घाई चालत नाही. कारण यातली काही बुचे इंजिन बांधून झाल्यावर पुढच्या प्लेटच्या किंवा फ्लायव्हीलच्या मागे जातात आणि तिथे झालेली गळती शोधायला इंजिन पुन्हा उतरवावे लागते.

येथे उदाहरण म्हणून ॲम्बेसेडरचे जुने १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन घेतले आहे. हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सीरिज इंजिन. इंग्लंडमध्ये ते मॉरिस ऑक्सफर्ड आणि एमजीए या गाड्यांत होते आणि आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्यात ते ॲम्बेसेडरला बसवले. बिडाचा ब्लॉक, तीन मेन बेअरिंग आणि ब्लॉकमध्येच असलेला कॅमशाफ्ट, अशी त्याची सरळ रचना आहे. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमिअर पद्मिनीचा ब्लॉकही बिडाचाच असल्याने पुढची कार्यपद्धती तिलाही लागू पडते. फोक्सवॅगन बीटलचे मॅग्नेशियम मिश्रधातूचे केसिंग मात्र वेगळ्या प्रकृतीचे असते. खाली सांगितलेले गॅसच्या ज्योतीचे प्रयोग त्याच्यावर करू नयेत.

तेलाची वाट आधी समजून घ्यावी

पंप चेंबरमधून (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतून) तेल ओढतो, ते फिल्टरमधून ब्लॉकच्या लांबीभर गेलेल्या मुख्य गॅलरीत येते, तिथून आडव्या भोकांनी मेन बेअरिंगना मिळते, मेन बेअरिंगकडून एक वाट क्रँकमधून बिगएंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) आणि दुसरी कॅमशाफ्टच्या बेअरिंगना जाते, आणि त्यांपैकी एका कॅम-बेअरिंगमधून तेल वर चढून हेडमधल्या रॉकर शाफ्टपर्यंत पोहोचते. ही सगळी भोके कारखान्यात ब्लॉकच्या बाहेरून ड्रिल घालून पाडलेली असतात. ड्रिल जिथून आत शिरले ते तोंड तेलाला नको असते, म्हणून ते बुचाने बंद केलेले असते. याचा अर्थ असा की प्रत्येक बूच हे एका सरळ भोकाचे तोंड आहे, आणि ते काढले की त्या भोकात टोकापर्यंत ब्रश घालता येतो.

बुचे चार प्रकारची आढळतात. आट्यांची, डोक्यावर चौकोनी किंवा षट्कोनी खाच असलेली. पितळेची ठोकून बसवलेली. पातळ पत्र्याची, वाटीच्या आकाराची. आणि काही इंजिनांत भोकात दाबलेली पोलादी गोळी. एकाच ब्लॉकवर दोन-तीन प्रकार एकत्र असू शकतात, शिवाय आधी कोणी इंजिन उघडले असेल तर मूळचे बूच जाऊन भलतेच काही बसलेले असते. म्हणून काहीही काढण्यापूर्वी ब्लॉक रॉकेलने बाहेरून धुवावा, रंगाचे थर खरवडावेत, प्रत्येक बुचाभोवती पांढऱ्या मार्करने खूण करून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि वहीत बुचांची यादी करावी. ही यादी शेवटी जुळवायची आहे. शेवरोलेच्या जुन्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ मध्ये मागच्या मेन बेअरिंगच्या कॅपखाली एक दाबून बसवलेले बूच दडलेले असते, आणि ते परत बसवायचे राहिले तर तेल फिल्टरला वळसा घालून थेट पुढे जाते. अशी दडलेली बुचेच विसरली जातात.

आणखी एक गोष्ट तपासावी. काही अमेरिकन इंजिनांत टायमिंग चेनवर तेलाची बारीक धार पडावी म्हणून पुढच्या एखाद्या बुचाला मुद्दाम सुईएवढे भोक ठेवलेले असते. जुने बूच भंगारात टाकण्याआधी ते प्रकाशासमोर धरून पाहावे. भोक असेल तर नव्या बुचालाही त्याच मापाचे भोक लागते.

केव्हा काढावीत, केव्हा बसवावीत

क्रम चुकला तर सगळी मेहनत वाया जाते. ब्लॉक बोअरिंगसाठी किंवा कॉस्टिकच्या टाकीत धुण्यासाठी पाठवण्याआधी बुचे काढावीत, नव्या बुचांसाठी आटे पाडायचे असतील तर तेही याच टप्प्यावर पाडावेत, त्यानंतर बोअरिंग, होनिंग (बोअर दगडाने घासून गुळगुळीत करणे) आणि लेथवरची बाकीची कामे उरकावीत, मग शेवटची धुलाई करावी आणि त्यानंतरच नवी बुचे बसवावीत. पुष्कळ ठिकाणी नवी बुचे लावूनच ब्लॉक होनिंगला जातो. होनिंगच्या दगडाची भुकटी तेलात मिसळून गॅलरीत शिरते आणि बंद टोकाशी बसून राहते. पहिल्याच स्टार्टला ती नव्या बेअरिंगमध्ये जाते.

ब्लॉक बाहेरून देखणा दिसावा म्हणून सँड ब्लास्टिंग करण्याचा मोह टाळावा, हे माझे स्पष्ट मत आहे. रेतीचा कण एकदा उभ्या-आडव्या भोकांच्या सांध्यात अडकला की तो निघाल्याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

आट्यांची बुचे सोडवणे

जुन्या बुचाच्या खाचेत आधी रंग, ग्रीस आणि मळ भरलेला असतो. तो टोकदार सळईने पूर्ण काढावा, म्हणजे पाना तळापर्यंत बसतो. निम्म्या खोलीवर टेकलेला पाना पहिल्या झटक्यातच खाच गोल करतो. चौकोनी खाचेसाठी ग्राइंडरवर घासून अचूक मापाची पोलादी चौकोनी सळई बनवून घेतलेली बरी. बाजारातला जवळपासच्या मापाचा पाना चालवून घेऊ नये. पाना बसला की त्याच्या डोक्यावर हातोडीचे दोन-तीन ठाम ठोके द्यावेत, कारण या धक्क्यांनी आट्यांतला गंज तडकतो, आणि मग सावकाश जोर लावावा.

तरीही बूच हलले नाही तर उष्णता द्यावी. येथे बूच पोलादाचे असेल तर ज्योत बुचाच्या मध्यावर धरायची, ब्लॉकवर नाही. तापलेले बूच फुगायला पाहते, पण भोवतीचे थंड बीड त्याला जागा देत नाही. त्यामुळे ते स्वतःच दबते आणि निवल्यावर मूळ मापापेक्षा किंचित बारीक होते. बूच थोडे निवू लागले की त्याच्या कडेला मेणबत्ती टेकवावी. वितळलेले मेण आट्यांत ओढले जाताना डोळ्यांनी दिसते: कडेची कोरडी काळी रेघ ओली होऊन चकाकू लागते. ती रेघ वर्तुळभर ओली झाली की बूच बहुधा पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुटते. तापलेल्या ब्लॉकवर पाणी ओतू नये. बिडाला तडा जातो.

खाच आधीच गोल झाली असेल तर पोलादी बुचावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरावे आणि वेल्डिंग निवल्यावर नटाला पाना लावावा. वेल्डिंगची उष्णताही आटे सैल करायला मदत करते. पितळेच्या बुचावर हा उपाय चालत नाही.

ठोकून बसवलेली पितळी बुचे ओढून काढणे

येथे एक चूक सर्रास होते: बूच पंचाने आत ठोकून नंतर दुसऱ्या टोकाने बाहेर काढू, असा विचार केला जातो. गॅलरीचा व्यास पुढे अरुंद होत असेल किंवा बूच आडव्या भोकाशी अडकले तर ते तिथेच राहते. बूच नेहमी ज्या बाजूने आत गेले त्याच बाजूने ओढून काढावे.

बुचाच्या अचूक मध्यावर सेंटर पंचने ठळक खूण करावी. प्रथम ३ मिमीचे ड्रिल, नंतर ६ मिमीच्या आट्यांसाठी ५ मिमीचे, किंवा बूच मोठे असल्यास ८ मिमीच्या आट्यांसाठी ६.८ मिमीचे ड्रिल चालवावे. ड्रिल तिरके गेले तर ते पितळ सोडून बिडाची भिंत कापू लागते. म्हणून ब्लॉक पक्का बांधावा, शक्य असल्यास उभ्या ड्रिल मशिनवर काम करावे आणि बूच ओलांडल्यावर ड्रिल आत धावू नये यासाठी बिटावर चिकटपट्टीची खूण ठेवावी. पितळ ड्रिलला एकदम आत ओढून घेते, म्हणून दाब कमी ठेवावा. मग टॅपने आटे पाडावेत.

ओढण्यासाठी खास अवजार लागत नाही. बुचापेक्षा मोठ्या आतील व्यासाचा पाइपचा छोटा तुकडा बुचाभोवती ब्लॉकवर टेकवावा, त्यावर जाड वॉशर ठेवावा, वॉशरमधून बोल्ट घालून बुचात पाडलेल्या आट्यांत पुरता बसवावा आणि बोल्टवरचा नट वॉशरवर आवळत जावा. नट फिरेल तसा बोल्ट सरळ रेषेत बाहेर येतो आणि बूच त्याच्याबरोबर निघते. फार घट्ट असेल तर भोवतीचे बीड हलके तापवून पूर्ण निवू द्यावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. पितळ बिडापेक्षा जास्त प्रसरण पावत असल्याने या तापण्या-निवण्यात त्याची पकड ढिली होते. वाटीच्या आकाराची पातळ बुचेही भोक पाडून अशीच ओढता येतात. पोलादी गोळीवर साधे ड्रिल घसरते, म्हणून ती लेथवाल्याकडून काढून घेतलेली चांगली.

बूच बाहेर आल्यावर त्याच्या मागे काय आहे ते जरूर पाहावे. बहुधा डांबरासारखा घट्ट काळा गाळ असतो. तो बोटांत चोळला की त्यात बारीक खरखर लागते, आणि उन्हात धरला तर बेअरिंगच्या धातूचे चमकते कण दिसतात. आधीच्या बेअरिंगांची झीज कुठे जाऊन बसली होती, हे तिथे हातात मिळते.

धुलाई

कॉस्टिकच्या गरम टाकीत ब्लॉक घालण्याआधी त्यावरचे ॲल्युमिनियमचे सर्व भाग काढावेत, कारण कॉस्टिक ॲल्युमिनियम खाऊन टाकते. कॅमशाफ्टचे बुशही काढून ठेवणे श्रेयस्कर, कारण त्यांच्या मागे जाणारी भोके बुश असताना नीट धुतली जात नाहीत. टाकीतून आल्यानंतर खरे काम ब्रशचे असते. बंदुकीची नळी साफ करण्यासाठी मिळतात तसे लांब दांड्याचे नायलॉनचे किंवा पितळी तारांचे ब्रश वेगवेगळ्या व्यासांत घ्यावेत आणि गरम पाण्यात कपडे धुण्याची पावडर मिसळून प्रत्येक भोक दोन्ही टोकांकडून घासावे. मुख्य गॅलरी घासून झाली की आडवी भोके, आणि ती झाली की पुन्हा मुख्य गॅलरी, कारण आडव्या भोकांतून ढकललेला मळ परत तिथेच आलेला असतो. शेवटी स्वच्छ पाण्याची जोराची धार आणि मग हवा.

पांढऱ्या कापडाची पट्टी सळईला गुंडाळून गॅलरीतून ओढावी आणि ती करडीसुद्धा होत नाही तोवर धुलाई संपली असे समजू नये. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत उघड्या बिडावर काही मिनिटांतच तांबूस गंज धरतो, म्हणून ब्लॉक कोरडा होताच बोअरला आणि गॅलरीला तेल लावावे. मात्र जिथे बूच बसायचे ते तोंड तेल न लावता कोरडे ठेवावे.

नवी बुचे: आटे पाडायचे की पुन्हा ठोकायची

ठोकलेल्या पितळी बुचाच्या जागी तसेच नवे बूच बसवता येते आणि नीट बसवले तर ते टिकते. तरीही, जिथे भोकाभोवती पुरेसे बीड आहे तिथे आटे पाडून पाइप-आट्याचे ॲलन (षट्कोनी खाचेचे) बूच बसवावे, असे मी सुचवीन. पुढच्या वेळी इंजिन उघडणाऱ्याला ते पाच मिनिटांत काढता येते आणि तेलाच्या दाबाने बूच बाहेर फेकले जाण्याची भीती राहत नाही.

येथे आट्यांच्या दोन पद्धतींची सरमिसळ होऊ देऊ नये. ब्रिटिश पाइप-आटा ५५ अंशांचा आणि अमेरिकन ६० अंशांचा. १/८ इंच मापात ब्रिटिशला इंचाला २८ आणि अमेरिकनला २७ आटे असतात, तर १/४ इंचात अनुक्रमे १९ आणि १८. फरक इतका थोडा आहे की एका पद्धतीचे बूच दुसऱ्या पद्धतीच्या आट्यांत काही फेरे सहज जाते, मग अडकते आणि घट्ट बसल्याचा भास होतो. पण ते गळते. आपल्याकडे हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानांत ब्रिटिश टेपर (निमुळत्या) आट्यांची बुचे सहज मिळतात, त्यामुळे तीच घ्यावीत आणि टॅपही त्याच पद्धतीचा घ्यावा. आधी बसलेले आट्यांचे बूच बदलायचे असेल तर तिथला आटा कोणता हे थ्रेड गेजने पाहूनच नवे बूच आणावे. नवख्यांचा आणखी एक गोंधळ होतो: १/८ इंच हे पाइपचे नाव आहे, प्रत्यक्षात ब्रिटिश १/८ इंच आट्याचा बाहेरचा व्यास ९.७ मिमीच्या आसपास आणि १/४ इंचाचा १३.२ मिमीच्या आसपास असतो. टॅपआधीच्या ड्रिलचे माप टॅप बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्यावे. भोक आधीच त्याहून मोठे असेल तर वरच्या मापाचे बूच निवडावे लागते, आणि तेव्हा भोवती किती बीड उरते ते मोजून पाहावे.

आटे पाडण्यापूर्वी बुचाच्या तोंडापासून पहिल्या आडव्या भोकापर्यंतचे अंतर मोजावे. टोकाला काटकोनात वाकवलेली बारीक तार गॅलरीच्या भिंतीला लावून आत सरकवली की ती त्या भोकाच्या कडेला अडकते; तोंडाशी तारेवर खूण करून ती पट्टीवर मोजावी. नव्या बुचाची लांबी या अंतरापेक्षा कमी हवी. जास्त असेल तर बूच लेथवर कापून आखूड करावे. हे मोजमाप वगळून बसवलेले लांब बूच पहिल्या मेन बेअरिंगची वाट अर्धी झाकते, बाहेरून काहीच दिसत नाही, गेजवर दाबही चांगला दिसतो आणि ते एकच बेअरिंग उपाशी राहते.

टेपर टॅप जितका खोल जाईल तितके बूच आत बसते. म्हणून टॅप अर्धा-पाऊण फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवावा, दर दोन-तीन फेऱ्यांनी तो काढून बिडाचा चुरा झटकावा आणि बूच हाताने लावून पाहावे. बूच हाताने घट्ट झाल्यावर पान्याने आणखी एक ते दीड फेरा बसते. त्यानंतर त्याचे डोके ब्लॉकच्या पृष्ठाशी समपातळीत किंवा किंचित आत राहील, एवढ्यावर टॅप थांबवावा. पुढच्या प्लेटखाली जाणारे बूच जरासेही वर राहिले तर प्लेट सपाट बसत नाही. टेपर बूच पाचरीचे काम करते हे लक्षात ठेवून जास्त आवळण्याचा मोह आवरावा. बिडाच्या पातळ भिंतीला गेलेला तडा भरून निघत नाही.

बसवणे आणि चाचणी

शेवटच्या धुलाईनंतर आटे आणि बूच दोन्ही ॲसिटोनने पुसून कोरडे करावेत. सीलिंगसाठी हवेविना घट्ट होणारे द्रव सीलंट, उदाहरणार्थ लॉकटाइट ५४२ किंवा ५७७, बुचाचा आतला पहिला आटा सोडून बाकीच्या आट्यांवर थोडेसे लावावे. नळकामाची पांढरी टेप येथे वापरू नये. तिचा धागा सुटून तेलाबरोबर गेला तर रॉकरकडे जाणारे बारीक भोक बंद करायला तो एकटा पुरेसा आहे. सीलंटला किमान एक दिवस द्यावा. पितळी बूच पुन्हा ठोकून बसवायचे असेल तर त्याच्या जवळपास पूर्ण व्यासाचा, सपाट टोकाचा पंच घ्यावा, बुचावर ठोकून बसणाऱ्या भागांसाठीचे रिटेनिंग द्रव लावावे, मोजलेल्या खोलीपर्यंतच ठोकावे आणि भोकाच्या कडेचे बीड छिन्नीने तीन ठिकाणी बुचावर हलके वळवावे.

बुचे बसल्यावर मेन बेअरिंगच्या भोकांत एकेक करून बारीक टॉर्चचा प्रकाश टाकून किंवा पितळी तार घालून वाट मोकळी असल्याचे पाहावे. नंतर ऑइल गेजच्या जोडातून हवा सोडावी, मेन बेअरिंगची आणि कॅमची भोके रबरी बुचांनी तात्पुरती बंद करावीत आणि प्रत्येक नव्या बुचावर साबणाचे पाणी लावावे. फुगे आले तर बूच काढून, पुसून, पुन्हा सीलंट लावून बसवावे; आहे तसेच आणखी आवळून गळती लपवू नये. वहीतली यादी याच वेळी जुळवून घ्यावी.

क्रँकलाही विसरू नये. जॅग्वारच्या एक्सके इंजिनासारख्या काही क्रँकांमध्ये बिगएंडच्या भोकांची तोंडे आट्यांच्या बुचांनी बंद केलेली असतात आणि त्यांच्या मागे ग्राइंडिंगची भुकटी आणि गाळ साठतो. आपल्या क्रँकवर अशी बुचे असतील तर ती ग्राइंडिंगनंतर काढून, भोके घासून, नवी बसवून कडेला पंच मारून पक्की करावीत.

बी-सीरिजचा ऑइल पंप कॅमशाफ्टवरच्या स्वतंत्र गिअरवर चालतो, डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर नाही. त्यामुळे डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिल लावून पंप फिरवण्याची अमेरिकन इंजिनांतली युक्ती येथे चालत नाही. बसवण्याआधी पंप तेलाने भरून घ्यावा. क्रँक, बेअरिंग आणि कॅम बसल्यावर, पण पुढची प्लेट आणि फ्लायव्हील लावण्याआधी, गेजच्या जोडाला दाबाची तेलाची टाकी जोडून ४० ते ५० पौंड दाबाने तेल सोडावे आणि सर्व बुचे कोरडी आहेत का ते निवांत पाहावे. इंजिन गाडीत चढल्यावर स्पार्क प्लग काढून, गेजवर दाब दिसेपर्यंत स्टार्टरने फिरवावे आणि मगच प्लग लावून सुरू करावे. पहिल्या अर्ध्या तासाच्या चालीनंतर फिल्टरचे एलिमेंट काढून त्याच्या घड्या उलगडून पाहाव्यात: पितळेचा पिवळा कण किंवा सीलंटचा तुकडा दिसला तर तेल आणि फिल्टर लगेच बदलून पुढच्या १०० किलोमीटरनंतर तीच तपासणी पुन्हा करावी.